निघून जाणाऱ्यांचं देणं

उत्तर नायजेरियात गार्की नावाचा एक भाग आहे. पूर्वी तो कानो राज्यात होता, आता जिगावा राज्यात येतो. कोरडं माळरान, ज्वारी-बाजरीची शेतं, वर्षातले मोजके महिने पाऊस आणि पावसाच्या पाठोपाठ डास. साथरोगांचं गणित शिकणाऱ्या कुणालाही हे नाव ओळखीचं असतं, भले त्याने नायजेरियाचा नकाशा कधी उघडून पाहिला नसेल. माझी गार्कीशी ओळख अशीच झाली. आधी आकड्यांचे तक्ते पाहिले, मग आलेख. त्या आलेखांमागे माणसं राहत होती हे बऱ्याच उशिरा मनात उतरलं.

१९६९ ते १९७६ या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि नायजेरिया सरकार यांनी मिळून तिथे मलेरियाचा एक मोठा प्रयोग केला. सुरुवातीचा बराच काळ नुसती मोजणी चालली. दर दहा आठवड्यांनी गावात यायचं, तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्त घ्यायचं. रात्री काही माणसं पाय उघडे टाकून बसायची आणि अंगावर उतरणारे डास पकडायची, कारण डास माणसाला किती चावतात हे मोजायला माणूसच लागतो. त्यातून निघालेला अंदाज असा, की काही गावांत एका माणसाला वर्षभरात शंभराहून जास्त संसर्गित डास चावतात. साधे नव्हे, ज्यांच्या लाळेत मलेरियाचा परजीवी आहे असे.

मग उपाय सुरू झाले. काही गावांत घरांच्या भिंतींवर प्रोपॉक्सर फवारलं. काही गावांत फवारणीच्या जोडीला सगळ्यांना ठरावीक अंतराने औषध दिलं. काही गावं तुलनेसाठी राखली. तिथे फवारणी नाही, सामूहिक औषध नाही, फक्त सुई आणि काचपट्टी. जिथे सगळ्यात जास्त जोर लावला त्या गावांत परजीवी असलेल्या माणसांचं प्रमाण कोरड्या ऋतूत एक टक्क्याच्या आणि पावसाळ्यात पाच टक्क्यांच्या आसपास आलं. जिथे जवळजवळ प्रत्येक मूल परजीवी घेऊन वाढतं तिथे हा आकडा थक्क करणारा होता. तरीही तो शून्य नव्हता. डासांचा एक हिस्सा चावून झाल्यावर भिंतीवर टेकतच नव्हता, सरळ बाहेर उडून जात होता. भिंतीवरचं औषध त्याला शिवायचंच नाही.

आणि मग ठरल्याप्रमाणे सगळं थांबवलं. 'ठरल्याप्रमाणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. पैसे संपले, सरकार बदललं किंवा युद्ध पेटलं असं काही कारण नव्हतं. थांबल्यानंतर काय होतं हे पाहणं हा प्रयोगाचा तिसरा टप्पाच होता. डास परत आले, परजीवी परत आले. मॉलिनो आणि ग्रामिचिया यांनी १९८० साली या सगळ्याचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. त्या आकड्यांवर बेतलेलं गणिती प्रारूप आजच्या अनेक प्रारूपांचा पूर्वज मानलं जातं.

मला छळणारा प्रश्न असा आहे: ज्याने मदत केली आणि तो निघून गेला, त्याच्यावर मागे राहिलेल्यांचं काही देणं लागतं का? आलाच नसता तर त्याला कुणी विचारलं नसतं. मग आल्यामुळे त्याचा गुन्हा वाढतो की काय?

हा प्रश्न मलेरियाच्या बाबतीत इतका टोकदार का होतो, ते शरीराच्या पातळीवर समजून घ्यायला हवं. गोवर एकदा झाला की शरीर त्याला जन्मभर ओळखतं. मलेरियाच्या प्रतिकारशक्तीचं मात्र पुढचं पाठ, मागचं सपाट. जन्मल्यावर काही महिने आईकडून आलेलं संरक्षण पुरतं. त्यानंतरची चार-पाच वर्षं जीवघेणी. पुन्हा पुन्हा ताप येतो आणि त्यातून जी मुलं जगतात, त्यांच्या अंगात हळूहळू एक अर्धवट ढाल तयार होते. रक्तात परजीवी असतात, पण माणूस शेतात काम करत असतो. ही ढाल टिकवायला डास चावत राहावे लागतात. चावणं थांबलं की ती विरत जाते. लंडनला जाऊन स्थायिक झालेले नायजेरियन लोक सुट्टीत घरी जातात आणि मलेरिया घेऊन परततात, त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणजे 'आफ्रिकेतल्या प्रौढांना मलेरियाचा फारसा त्रास होत नाही' हे वाक्य खरं असलं तरी अर्धं आहे. जे वाचले त्यांना त्रास होत नाही. त्या ढालीची किंमत कोण मोजतं, हे आकड्यांत दिसतं. २०२३ साली जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि आफ्रिकेतल्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांखालच्या मुलांचे.

आता कल्पना करा, एखाद्या गावात तुम्ही पाच-सात वर्षं मलेरिया जवळजवळ बंद केला. या काळात जन्मलेली मुलं सुदृढ वाढली, पण त्यांच्या अंगात ढाल तयार झालीच नाही. मोठ्यांची होती ती पातळ झाली. आणि मग तुम्ही गेलात.

हा पेच नवा नाही. १९५० साली युगांडातल्या कंपाला इथे आफ्रिकेतल्या मलेरियावर पहिली मोठी परिषद भरली, तेव्हा याच मुद्द्यावर वाद झाला. बॅगस्टर विल्सन, गार्नहॅम यांच्यासारखे पूर्व आफ्रिकेत काम केलेले लोक म्हणत होते की जिथे मलेरिया बारमाही आहे तिथे जपून पावलं टाका. लोकांनी कष्टाने कमावलेली प्रतिकारशक्ती तुम्ही काढून घ्याल आणि ती टिकवण्याची जबाबदारी मात्र घेणार नाही. दुसरी बाजू म्हणाली, मुलं मरताना बघत बसायचं का? परिषदेने दुसऱ्या बाजूने कौल दिला: मूळचा मलेरिया कितीही तीव्र असो, आधुनिक उपाय शक्य तितक्या लवकर सुरू करा, आणखी प्रयोगांची वाट बघू नका.

विल्सनचा मुद्दा वैज्ञानिक दृष्ट्या पोरकट नव्हता. तरीही मला तो पचत नाही, आणि त्याचं कारण विज्ञानात नाही. 'त्यांची नैसर्गिक प्रतिकारशक्ती बिघडवू नका' असं म्हणणारा माणूस स्वतः रात्री कुठे झोपतो, हे मी पाहते. सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊनला १९०४ साली इंग्रजांनी शहरावरच्या टेकडीवर 'हिल स्टेशन' नावाची गोऱ्यांची वेगळी वसाहत वसवली आणि तिथवर जायला रेल्वे टाकली. त्याला आधार होता संशोधनाचा. आफ्रिकी मुलांच्या रक्तात परजीवी सापडतात, डास ते तिथून उचलतात, तेव्हा युरोपियनांनी या मुलांपासून डास उडून येणार नाही इतक्या लांब राहावं, असा सल्ला शास्त्रज्ञांनी दिला होता. सुई त्या मुलांच्या बोटाला आणि बंगला साहेबांना. पुढे अर्ध्या शतकाने त्याच मुलांच्या प्रतिकारशक्तीची काळजी वाटू लागली. म्हणून 'निघून जाणार असाल तर येऊच नका' हा युक्तिवाद कितीही सुज्ञ वाटला तरी मी तो सहजासहजी स्वीकारणार नाही. तो बहुतेक वेळा मच्छरदाणीच्या आतून केलेला असतो.

आणि पुरावा काय सांगतो? टांझानियाच्या दक्षिणेकडच्या ग्रामीण भागात १९९८ ते २००० दरम्यान जन्मलेल्या साडेसहा हजारांहून जास्त मुलांचा मागोवा संशोधकांनी २०१९ पर्यंत घेतला. ज्यांनी लहानपणी मच्छरदाणी नियमित वापरली त्यांच्या मृत्यूचं प्रमाण ज्यांनी ती कमी वापरली त्यांच्या तुलनेत सुमारे ४३ टक्क्यांनी कमी निघालं. लहानपणी वाचलेली मुलं नंतर दगावतील ही भीती खरी ठरली नाही. त्यांचा मृत्यू पुढे ढकलला गेला नव्हता, टळला होता. २०२२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा सत्तर वर्षांच्या वादाला एक चांगलं उत्तर मिळालं, असं मला वाटलं.

पण हा अभ्यास बारकाईने पाहायला हवा. त्या भागात मच्छरदाण्या येणं थांबलं नव्हतं. उलट त्या वाढत गेल्या आणि मलेरिया एकूणच कमी होत गेला. म्हणजे विल्सनची भीती खोटी ठरली ती कुणी निघून गेलं नाही म्हणून.

जिथे निघून गेले, तिथली गोष्ट वेगळी आहे. झांझिबार बेटांवर १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून १९६८ पर्यंत फवारणी झाली, मलेरिया जवळजवळ हटला, कार्यक्रम बंद झाला आणि पुढच्या काही वर्षांत ये रे माझ्या मागल्या. आपल्याकडेही हेच झालं होतं. १९६०च्या दशकाच्या मध्यात भारतात वर्षाला लाखभरच रुग्ण उरले होते, आणि १९७६ साली तो आकडा ६४ लाखांवर गेला. तुमच्या आजोबांना विचारा, भिंतीवर फवारणीची तारीख रंगवून जाणारे हिवतापवाले त्यांना नक्की आठवतील. २०१२ साली काही संशोधकांनी १९३०च्या दशकापासूनची अशी पुनरागमनं मोजली. ६१ देशांत ७५ वेळा मलेरिया कमी होऊन पुन्हा उसळला होता, आणि त्यातल्या ६८ वेळा निदान अंशतः कारण एकच: उपाय ढिले पडले किंवा थांबले. डास जास्त हुशार झाले, औषध निकामी झालं ही कारणंही आहेत, पण पहिला नंबर माणसांच्या कंटाळ्याचा आणि रिकाम्या तिजोरीचा.

सगळ्यात बोचणारं उदाहरण युगांडाचं. उत्तरेकडचे दहा जिल्हे, यादवी युद्धाने आधीच होरपळलेले. तिथे काही वर्षं नियमित फवारणी झाली आणि मलेरिया झपाट्याने खाली आला. २०१४ साली तिथली फवारणी बंद करून ती पूर्वेकडच्या जिल्ह्यांत नेली, कारण तिकडेही मलेरिया भयंकर होता आणि पैसे दोन्हीकडे पुरण्याइतके नव्हते. उत्तरेत त्याच सुमारास मच्छरदाण्या वाटल्या होत्या. त्या पुरेशा ठरतील अशी आशा होती. २०१५ मध्ये उत्तरेतली आरोग्यकेंद्रं तापाच्या रुग्णांनी भरून गेली. पुढे युगांडातल्याच एका अभ्यासात दिसलं की फवारणी थांबवल्यावर दहा महिन्यांत रुग्ण पाचपट होतात, आणि पुन्हा सुरू केल्यावर आठ महिन्यांत तितकेच खाली येतात. नळ उघडावा आणि बंद करावा इतकं सरळ.

आता या निर्णयाला वाईट म्हणायचं का? पूर्वेकडच्या मुलाचा जीव उत्तरेकडच्या मुलापेक्षा कमी मोलाचा नाही. कागदावर हिशोब मांडला तर, जिथे आधीच कमी झालं आहे तिथून पैसे काढून जिथे जास्त आहे तिथे लावणं शहाणपणाचंच वाटतं. तरी उत्तरेतल्या आईला काय वाटलं असेल? तिच्या थोरल्या मुलाला दर पावसाळ्यात ताप यायचा, धाकटीला तीन वर्षं आलाच नाही. आणि मग आला.

इथे मला पीटर सिंगरचं तळं आठवतं. १९७२ सालच्या त्याच्या निबंधातला तो प्रसिद्ध दाखला: वाटेत उथळ तळ्यात एक मूल बुडताना दिसलं तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना? मग दूरदेशीच्या मुलांसाठी पैसे का देत नाही? या विचारातून पुढे जी दानाची चळवळ उभी राहिली, तिची आवडती वस्तू म्हणजे कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी. स्वस्त, मोजता येण्याजोगी, 'इतक्या डॉलरमागे एक जीव' असा हिशोब मांडता येणारी. मी या चळवळीची टिंगल करणार नाही. तिने खरोखर मुलं वाचवली आहेत.

पण तळ्याचा दाखला इथे कुठेतरी कमी पडतो. तळ्यातून काढलेलं मूल ओलं अंग पुसून घरी जातं. मलेरियाच्या बाबतीत मूल तळ्यातच राहतं. तुम्ही त्याच्या पायाखाली फळी सरकवता, आणि ती फळी साधारण तीन वर्षं टिकते. त्या वेळात ते पोहायला शिकत नाही, कारण शिकायची गरज पडत नाही. तीन वर्षांनी दुसरी फळी आली तर ठीक. नाही आली, तर आधीपासून गटांगळ्या खात जगलेल्या शेजारच्या मुलापेक्षा त्याची अवस्था बिकट असू शकते. अशा तळ्याच्या काठावर आलेल्या माणसाने एकच उडी मारून भागत नाही. पहिली फळी सरकवताना तो एका नात्यात शिरतो, त्याला कळो वा न कळो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: अशी आयुष्यभराची जबाबदारी गळ्यात पडणार असेल तर कोण मदतीला जाईल? आक्षेप खोटा नाही. पण मी आयुष्यभराचं मागतच नाही. निघून जायला माझी ना नाही, प्रश्न कसं जाता याचा आहे. आपल्याकडे दूधपित्या बाळाला सांभाळणारी बाई काम सोडते तेव्हा आठ दिवस आधी सांगते, दुसरी कुणी बघून देते. ही काही संतपणाची गोष्ट नाही, साधी रीत आहे. औषधांचा साठा, तापाच्या रुग्णाची तपासणी करू शकणारी नर्स, सरकारच्या अंदाजपत्रकात त्या खर्चाची एक ओळ, आणि पुढचे दोन पावसाळे लक्ष ठेवणारं कुणीतरी. पुनरागमन पंचाहत्तर वेळा झाल्यावर 'आम्हाला कल्पना नव्हती' हे कारण आता कुणालाही देता येणार नाही.

याच निकषावर, विचित्र वाटेल, पण गार्कीच्या लोकांबद्दल माझं मत थोडं मवाळ होतं. ते निघून गेले, पण जाण्याआधी आणि गेल्यावर काय होतं हे त्यांनी डोळे उघडे ठेवून मोजलं आणि छापलं. त्या मोजणीतून गार्कीच्या पदरात काय पडलं, हा प्रश्न शिल्लक राहतो. गावांची संमती वडीलधाऱ्यांकडून घेता येते; फवारणीच्या दुसऱ्या वर्षी जन्मणाऱ्या आणि ती थांबल्यावर ताप झेलणाऱ्या मुलीची संमती कोण देणार? ज्ञान जगाला मिळालं, चाळीसेक वर्षांनी त्याचा काही भाग परतही आला. आज जिगावासह उत्तर नायजेरियात पावसाळ्याच्या महिन्यांत लहान मुलांना दर महिन्याला गोळ्या दिल्या जातात, आणि त्यातलं एक औषध गार्कीत वापरलेल्या औषधाचं सख्खं भावंड आहे. तेव्हाची मुलं आता आजी-आजोबा असतील.

२०२५ सालचं निघून जाणं मात्र याच्या अगदी उलट होतं. मलेरियासाठी जगभर लागणारा पैसा आधीच अपुरा आहे. २०२३ साली गरज ८.३ अब्ज डॉलरची होती, मिळाले ४ अब्ज. त्यातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या अमेरिकेचा होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशाने गोठवली. फेब्रुवारीत त्याच पैशावर चालणारी, गरीब देशांतल्या घरोघरच्या आरोग्याची पाहणी करणारी यंत्रणाही थांबवण्यात आली. ताप आला तर तो मोजायचा कशाने, हाही प्रश्न मागे ठेवून गेले. गार्कीत फवारणी थांबली होती, पण काचपट्टी थांबली नव्हती.

अर्थात फक्त जाणाऱ्यांवर बोट ठेवणं सोपं आहे. २००१ साली नायजेरियाच्याच राजधानीत, अबुजाला, आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी अंदाजपत्रकाचा १५ टक्के वाटा आरोग्याला देण्याचं वचन दिलं होतं. बहुतेकांनी ते पाळलं नाही. फळी सरकवणारा परका आहे म्हणून तळं ज्यांच्या अंगणात आहे त्यांची सुटका होत नाही. पण वचन मोडणारा अर्थमंत्री आणि ताप येणारं मूल ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिल्याच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला देऊन 'आता तरी ते स्वावलंबी होतील' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि हा प्रश्न आता आपल्या दारातही आहे. मलेरियाची आर२१ ही लस ऑक्सफर्डने विकसित केली, पण ती बनते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. तिच्या चाचण्या बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियातल्या मुलांवर झाल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती नियमित लसीकरणात सुरू झाली. मराठी वर्तमानपत्रांत तेव्हा अभिमानाच्या बातम्या आल्या, आणि अभिमान वाटण्यासारखंच काम आहे. बातमीत सहसा न येणारी गोष्ट अशी, की ही लस तीन डोसांची आणि वर्षभराने चौथ्याची आहे, आणि चौथा डोस का हवा याचं एक कारण गार्कीच्या प्रश्नासारखंच आहे. हिच्याआधीची आरटीएस,एस ही लस केनियातल्या किलिफीमध्ये काही मुलांना तीनच डोस देऊन सात वर्षं तपासली, तेव्हा पहिल्या वर्षाचं संरक्षण चौथ्या वर्षापर्यंत जवळजवळ संपलं होतं. जिथे डास फार होते तिथल्या लस घेतलेल्या मुलांना पाचव्या वर्षी न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळा मलेरिया झाला.

चौथ्या डोसाच्या वेळी मूल चालायला लागलेलं असतं, आई शेतात परतलेली असते, इतर लसींची वेळ होऊन गेलेली असते. त्या एका डोससाठी कुणीतरी पुन्हा त्या घरापर्यंत जावं लागतं. लसींचा बराच खर्च उचलणाऱ्या गावी या संस्थेला मिळणारा निधी बंद करत असल्याचं अमेरिकेने जून २०२५ मध्ये जाहीर केलं. पहिल्या तुकडीत लस घेतलेल्या आयव्हरी कोस्टच्या मुलांच्या चौथ्या डोसाची वेळ साधारण त्यानंतरच्या काही महिन्यांतली.